डोंगरदिवे सरांच्या दोन खुर्च्या

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या तहसील कचेरीसमोर, लिंबाच्या झाडाखाली माझं टेबल आहे. मी अर्ज लिहितो. फेरफार, वारस नोंद, पांदण रस्त्याची तक्रार, हरकत, हरकतीला उत्तर. पुष्कळदा एकाच भांडणाचे दोन्ही अर्ज माझ्याच टेबलावर होतात. सकाळी थोरला भाऊ येतो, दुपारी धाकटा. आपल्या मनातलं या माणसाला बरोबर उतरवता येतं, असं दोघांनाही वाटतं. शेजारचे अर्ज लिहिणारे मला चिडवतात, "गजाननभाऊ, तुमी तं दोन्ही पंगतीत जेवता राजेहो." मी हसतो. ही विद्या मला कोणी शिकवली ते मी त्यांना सांगत नाही. सांगायची लाज वाटते. सरांची नव्हे, माझी.

डोंगरदिवे सर आम्हाला बी.ए.ला मराठी शिकवायचे. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं भर उन्हाळ्यातसुद्धा लावलेली. चालताना मान थोडी पुढे, समोरचा काहीतरी हळू बोलतो आहे आणि ते ऐकायचं राहून जाईल अशा धास्तीनं. दुसऱ्या वर्षाच्या पेपरात नाटकाचा इतिहास होता आणि त्यात ग्रीक शोकांतिकेवर एक टिपण. परीक्षेत आलं तर आलं. बाकीचे प्राध्यापक ते एका तासात उरकून टाकत. सर दिवाळीनंतर सुरू करायचे ते संक्रांतीपर्यंत तिथेच. मग उरलेला अभ्यासक्रम आम्हाला धापा टाकत पुरा करावा लागे, आणि दर वर्षी प्राचार्य त्यांना बोलावून समज देत. सर समज घेत आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करत.

शिकवायला सुरुवात व्हायची ती पुस्तकी मराठीत. डोंगरउतारावरच्या दगडी पायऱ्या, उन्हात बसलेली हजारो माणसं, तोंडावर मुखवटे लावलेले नट. पण गोष्ट भांडणापर्यंत आली की सर वऱ्हाडीवर उतरत. "पोट्टेहो, लक्षात ठेवा. खलनायक असला म्हनजे तो पिच्चर. दोघंही खरे असले म्हनजे शोकांतिका. राजाले गाव सांभाळाचं असते, बापाले लेक. आन् राजाच बाप असला तं? मंग भांडन बाहीर नसते, छातीत असते. पन ते छातीत ठेवून नाटक होत नाही. ते समोर आनाव लागते, दोघं समोरासमोर उभे कराव लागतात, आन् दोघायलेही पूर्ण बोलू द्याव लागते."

पूर्ण म्हणजे किती, याचं सरांचं माप होतं. ग्रीकांच्या कोर्टात म्हणे पाण्याचं घड्याळ असे, दोन्ही बाजूंना सारखं पाणी. सरांनी तुपाचा एक जुना डबा घेतला होता आणि त्याच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडलं होतं. खाली बादली. डबा टेबलाच्या कडेला टांगायचा, पाण्यानं भरायचा आणि भोकावरचं बोट काढायचं. पाणी संपेपर्यंत एकानं बोलायचं, दुसऱ्यानं गप्प. त्या डब्यासोबत दोन लोखंडी घडीच्या खुर्च्या, एकमेकींकडे तोंड करून. त्या कॉलेजच्या नव्हत्या, सरांच्या स्वतःच्या होत्या.

आता सरांचा नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आधी समोरच्याची बाजू आपण मांडायची. ती ऐकून समोरच्यानं "हो, हेच मले म्हनाचं होतं" असं म्हटलं पाहिजे. तो "हो" आल्याशिवाय आपली बाजू मांडायची परवानगी नाही. दोन्हीकडून "हो" आले की मग भांडा.

पहिल्यांदा मला बसवलं तेव्हा विषय होता दोन भावांची सामाईक विहीर. मी समोरच्याची बाजू सांगितली ती नाक उडवत, आवाज बारीक करून. वर्ग हसला. सरांनी उठून डबा बादलीत उपडा केला. "तोंड वाकडं करून सांगतलेलं त्याचं नाही, तुहंच आहे. उद्या ये." दुसऱ्या दिवशी मी नीट सांगितलं. समोरचा पोरगा कबूल झाला, "हो, हेच." तो शब्द कानावर पडला तेव्हा मला जो आनंद झाला तसा आनंद मला नंतर फार कमी वेळा झाला. मी त्या कामात तरबेज झालो. कोणाच्याही पोटातलं मला तीन वाक्यांत सांगता येऊ लागलं. सर कौतुकानं बघायचे. मला त्यांच्या त्या नजरेची अजून आठवण येते आणि त्याच वेळी पळून जावंसं वाटतं.

खुर्च्यांचं वेड सरांना कुठून लागलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांच्या गावात, त्यांच्या वडिलांच्या काळात, पारावर बैठक बसली की बौद्धवाड्यातली माणसं उभी असत. वडिलांना एका बांधाच्या भांडणात बोलवलं, तीन तास उभं ठेवलं, आणि निकाल देऊन लोक उठले तरी वडिलांना कोणी एक शब्द विचारला नव्हता. "माहा बाप खरा होता की खोटा, मले अजून मालूम नाही," सर म्हणाले. "कारन त्याचं कोनी आयकलंच नाही." एवढं सांगून ते फळा पुसायला वळले.

कोणाच्याही घरी गेले की सर आधी उभ्या असलेल्या माणसाला बसायला लावत. सालदार असो, सून असो. तो बसेपर्यंत हे उभेच. काही घरांत त्यानं मोठी पंचाईत होई.

घरी मात्र सरांचं काही चालायचं नाही. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, डब्याचं मुळीच कौतुक नव्हतं. "उचला तुमचा डबा, मले डाळ निवडाची आहे," असं त्या आमच्यादेखत म्हणायच्या. सरांना साखरेचा आजार होता आणि बसस्टँडवरच्या हॉटेलात ते चोरून गोड चहा प्यायचे. काकूंना कळलं. त्यांनी स्वतःच दोन्ही खुर्च्या अंगणात मांडल्या आणि सरांना बसवलं. आम्ही दोघे-तिघे विद्यार्थी तिथेच पेपर लावत बसलो होतो.

"सांगा, माहं म्हननं काय आहे?"

"तुहं म्हननं असं, का मी आजारी पडीन."

"नाही."

"डोळे जातीन."

"नाही."

"मंग तूच सांग बाप्पा."

"तुमी गेल्यावर या घरात मी एकलीच राहीन, हे माहं म्हननं आहे."

सरांनी उठून खुर्ची घडी केली. त्या दिवसापासून हॉटेलात गेले तरी बिनसाखरेचा मागवायचे, आणि तो येताच असं तोंड करायचे की हॉटेलवाल्यालाच अपराधी वाटावं.

निवृत्त झाल्यावर खुर्च्या गावोगाव जाऊ लागल्या. कुठे धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण, कुठे वाटणीचं. लोक सरांना बोलवत, आणि सर एसटीच्या टपावर खुर्च्या टाकून निघत. पुढे टपावरची चढउतार बंद झाली तेव्हा कंडक्टरशी हुज्जत घालून त्या आत घ्यायला लावत. एकदा मी सोबत होतो. दोन भाऊ, अकरा वर्षं बोलणं बंद, मधे हातभर धुरा. बाभळीच्या सावलीत खुर्च्या मांडल्या, डबा फांदीला टांगला. चार डबे पाणी झालं. शेवटी दोघं इतके जोरात भांडले की बाजूच्या वावरातल्या निंदणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. समेट झाला नाही. पण दोघांनी मिळून हद्दीचा दगड रोवला आणि मग एकाच मटक्यातलं पाणी प्यायले. परत येताना मी म्हटलं, "सर, भांडन तं मिटलं नाही." सर चिडले.

"मी भांडन मिटवाले जात नाही. मिटवनारे सतराशे साठ आहेत. भांडन नीट व्हाव म्हनून जातो. अर्धवट भांडन आत सडते गजानन, आन् मंग कधी तरी कुऱ्हाड निघते. ग्रीकायच्या नाटकात पाह्य, मारामारी सारी पडद्यामागं. समोर निस्तं बोलनं. बोलनंच भारी असते."

कोरसवर मात्र त्यांचा राग होता. त्या नाटकांत बाजूला उभं राहून बोलणारा एक म्हाताऱ्यांचा घोळका असतो. "आपल्या पारावरचेच लोक ते," सर म्हणायचे. "त्यायले सारं दिसते. बोलतात बी सुंदर. उठत कोनीच नाही."

आता माझं सांगतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

आमचं वावर वाशीम रोडला लागून. साडेतीन एकर. आई आधीच गेली होती. बाबा गेले आणि सातबारावर दोन नावं लागली, माझं आणि ताईचं. ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, कारंज्याला दिलेली, घरी शिवणकाम करते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईनं नववीतून शाळा सोडली. तिनं भाकरी थापल्या म्हणून मी मालेगावला कॉलेजात जाऊन ग्रीक शोकांतिका शिकलो. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आमच्याकडे बहिणीनं हक्कसोड लिहून द्यायची रीत आहे. बहीण माहेरची साडी नेसते, रजिस्ट्री ऑफिसात सही करते, भाऊ जेवायला घालतो. असे कागद मी शेकड्यांनी लिहिलेत. ताई मात्र सही करेना. "वावर तूच वाह गजू," ती म्हणाली, "मले एक दाना नको. माहं नाव तेवढं राहू दे. बाबाच्या खाली माहं नाव दिसते ना, तेवढंच."

मी सरांना बोलावलं. ताईचा सरांवर विश्वास होता, बाबांचं शेजाऱ्याशी धुऱ्यावरून भांडण झालं तेव्हाही सर आले होते. ओसरीत दोन खुर्च्या, खुंटीला डबा. मी ताईची बाजू मांडली. काय मांडली! शाळा सुटली त्या दिवशीचं तिचं दप्तर, ते तिनं कोठीवर ठेवलं आणि पुन्हा काढलं नाही, तिथपासून सुरुवात केली. कारंज्याला तिला कोणत्या गावची म्हणून विचारतात तेव्हा ती काय सांगते, तिथे आणून संपवली. ताई पदर तोंडाला लावून रडली. "हो," म्हणाली. "हेच रे. हेच मले म्हनाचं होतं. तुले मालूम होतं तं."

मग तिची पाळी. तिनं माझी बाजू मांडली, तिला जशी मी सांगितली होती तशी. "त्याले विहीर खोदाची आहे. दोन नावं असले का प्रत्येक कागदाले मले कारंज्याहून या लागते. त्याच्या एकट्याच्या नावानं काम सोपं होते. त्याले माहं नाव नको असं नाही, त्याले पानी पाह्यजे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो, हेच."

ते खोटं होतं. रोडला लागून प्लॉट पाडायचं माझं एकाशी आधीच ठरलं होतं. सगळं पाप त्या एका शब्दात आहे. आणि तो शब्द मी सरांच्या खुर्चीत बसून, सरांच्या डब्यातलं पाणी संपायच्या आत उच्चारला. ताईला वाटलं, ज्याला आपलं मन एवढं कळतं तो आपल्याला फसवेल कसा? तिनं पुढच्या सोमवारी सही केली. साक्षीदार म्हणून सरांनीही केली. कागद मीच लिहिला होता, स्वच्छ अक्षरात.

उन्हाळ्यात वावरात चुन्याच्या रेघा पडल्या. सर डोळे तपासायला वाशीमला जात होते, त्यांना एसटीतून दिसल्या. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. मी घाईनं खुर्ची पुढे केली. सर बसले नाहीत.

"विहीर कुठी आहे गजानन?"

मी टेबलावरचे कागद नीट करू लागलो. सर थोडा वेळ थांबले आणि गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी समोरच्याचं ऐकून घेतलं नव्हतं, असं मी मनाशी म्हणालो. पण मी बोललो कुठे होतो?

आठ-दहा दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. काकू पाणी ठेवून आत गेल्या. सरांनी अंगणात खुर्च्या मांडल्या आणि डबा भरला. "तिचं सांग," म्हणाले. मी सांगितलं. या वेळी सुंदर जमलं नाही, अडखळत बोललो, मधेच थांबलो. तिला तिच्या शेजारणीनं प्लॉटची बातमी कशी दिली असेल, मग तिनं हातातली मशीनवरची शिवण कशी बाजूला ठेवली असेल, एवढंच येत राहिलं. पाणी संपलं. मी सरांच्या तोंडाकडे बघत बसलो. मला तो शब्द हवा होता.

"मी कायले हो म्हनू?" सर म्हणाले. "हो म्हनाचा हक्क तिचा आहे. कारंज्याले जाय. तिच्यासमोर बस आन् सांग. मंग ती भांडीन. भांडू दे. शिव्या देईन, घे. केस करते म्हनीन, करू दे. पन तिचं भांडन तिले दे. तू तिचं वावर घेतलं ते घेतलंच, भांडन बी घेतलं."

मी जातो म्हणालो. खरंच जायचं होतं. मग सोयाबीनची सोंगणी आली. मग पोरीची परीक्षा. मग कचेरीत शिबिर. कारंजा काही लंडनला नाही, शेलूबाजारवरून दोन तासांत माणूस पोचतो. सर बाजारात भेटले की काही विचारायचे नाहीत, नुसते बघायचे. मी नमस्कार करून "या हप्त्यात जातो सर" म्हणायचो, आणि मग त्यांच्या रस्त्यानं जायचंच टाळू लागलो.

सर गेले त्याला आता वर्ष होईल. पुण्यानुमोदनाला विहारात गर्दी होती. ज्यांना त्यांनी समोरासमोर बसवून भांडायला लावलं होतं ते सगळे आले होते, बाभळीखालचे दोघे भाऊ एकाच गाडीवर आले. ताईही आली होती. काकूंच्या शेजारी बसली होती, काकूंचा हात हातात घेऊन. मी पुढे गेलो तशी ती उठून बाहेर चपला शोधायला गेली.

मग काकूंनी मला सांगितलं. सर दर महिन्याला कारंज्याला जात होते. पहिल्यांदा गेले तेव्हा ताईनं दार उघडलं नाही, ते ओट्यावर बसून परत आले. तिसऱ्या खेपेला तिनं आत घेतलं. सरांनी तिला म्हटलं होतं, "बाई, मी साक्षीदार होतो. मले दिसाले पाह्यजे होतं. जल्मभर ज्यायले नावं ठेवली त्याच लोकायत मी जाऊन उभा राह्यलो." मग त्यांनी तिची बाजू मांडली. ती म्हणाली, नाही, हे नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा. पुन्हा नाही. असं कितीतरी महिने चाललं.

"मंग म्हनलं तिनं हो?" मी विचारलं.

"म्हनलं. शेवटच्या खेपेले," काकू म्हणाल्या. "पन ते सरायचं झालं. तुहं तसंच आहे."

काय बोलल्यावर ताई "हो" म्हणाली, ते मी विचारलं नाही. काकूंनीही सांगितलं नसतं. त्या दोन खुर्च्या काकूंनी मला दिल्या. घेऊन जा म्हणाल्या, अंगणात अडचण होते. त्या आता माझ्या टेबलासमोर आहेत. लोक येऊन बसतात, आपलं गाऱ्हाणं सांगतात, मी लिहून देतो. लोक वाचून म्हणतात, "हो साहेब, हेच मले म्हनाचं होतं." दिवसातून दहा वेळा ऐकतो.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते मालेगावच्या स्टँडवर, ते जायच्या महिनाभर आधी. सकाळचे नऊ-साडेनऊ वाजले असतील. मी कचेरीत निघालो होतो. कारंज्याची गाडी लागली होती आणि सर दाराच्या दांडीला धरून एकेक पायरी चढत होते. खूप वाळले होते. शर्टाच्या बाहीची बटणं लावलेलीच. आत जाऊन ते दोघांच्या सीटवर खिडकीशी बसले आणि कापडी पिशवी शेजारी ठेवली. मग मी दिसलो. मला वळता येईना.

सरांनी खिडकीची काच सरकवली. शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"येतं काय?"

गाडी अर्धी रिकामी होती. कचेरी माझ्यावाचून अडणार नव्हती. मी म्हणालो, "सर, आज जरा तारीख आहे एकाची. पुढच्या हप्त्यात नक्की."

सरांनी मान हलवली. रागावले नाहीत. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी मागे आली, वळली. खिडकी माझ्या समोरून गेली तेव्हा सर पुढे बघत होते, आणि मांडीवरची पिशवी त्यांनी पुन्हा शेजारच्या सीटवर ठेवली होती.